घोड्यावर बसणाऱ्या जाड बायका

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन बंद होतं. आता छान दिसतंय, आणि दिसायला लागल्याबरोबर असं काही वाचायला मिळालं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

निमित्त झालं माझ्या नातीचं. धाकट्या चिरंजीवांची थोरली, लेस्टरला नोकरी करते, हे नातेवाइकांना वेगळं सांगायला नको. एका रविवारी रात्री साडेदहाला तिचा व्हिडिओ कॉल. "आजी, पोटरी नक्की कुठे मोजायची गं?"

मी म्हटलं, झालं काय? पडली बिडली का? तर बाईसाहेब गेले आठ महिने दर रविवारी घोड्यावर बसायला शिकताहेत! लहानपणी महाबळेश्वरला वेण्णा लेकवर घोड्याजवळ न्यायला गेलं की रडून गोंधळ घालणारी ही पोर. शिकवणारी बाई म्हणे फार चांगली आहे. आता साधी पँट आणि पावसाळी बूट पुरे, खरा पोशाख घे म्हणाली. म्हणून ही एका मोठ्या दुकानात गेली.

आमची नात अंगाने भरलेली आहे. आमच्यात याला तोंडावर 'सुदृढ' म्हणतात, लग्नाच्या जाहिरातीत 'मध्यम बांधा' म्हणतात आणि पाठ वळली की 'जाडी' म्हणतात. ही आमच्या माहेरची हाडं. माझी आई तशी, मी तशी, आणि आता ही. दुकानात तिने नऊ बूट घालून बघितले. नऊच्या नऊ बुटांची चेन नडगीच्या अर्ध्यावर येऊन अडकली. ब्रिचेस मांडीला बसली तर कमरेला हातभर ढगळ, कमरेला बसली तर मांडीतून वर सरकेना. शेवटी विकणारी मुलगी म्हणाली, पुरुषांच्या विभागात बघा. तिथला बूट पोटरीला बसला, पण पाऊल आत नांदायला मोकळं! हे सगळं ती हसत हसत सांगत होती. पण मी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलंय. रडू येण्याच्या आधीचं हसू कसं असतं ते मला कळतं.

मोजून घेतली पोटरी. खुर्चीवर बसून, पाय जमिनीला टेकवून, संध्याकाळच्या वेळी (सकाळी मोजली तर कमी भरते, दिवसभरात पाय फुगतात), जिथे सगळ्यांत रुंद तिथे. सत्तेचाळीस सेंटिमीटर. आमच्या मापात साडेअठरा इंच. त्यात लाजण्यासारखं काय आहे? माझी स्वतःची सतरा आहे, तीसुद्धा पंचाहत्तरीत.

शिवणयंत्रावर माझा हात पन्नास वर्षांचा आहे. त्यामुळे पहिला प्रश्न मनात आला तो हा, की घोड्यावर बसायच्या कपड्यांतच एवढी अडचण का? विचार केला तर कारण समोरच आहे. आपण कपडा शिवतो तो उभ्या माणसाचा. ब्लाऊजची मापं घेतो, सलवारीची घेतो, माणूस उभं असतं. घोडेस्वाराचा कपडा बसलेल्या माणसाचा असतो, तोही पाय फाकवून, गुडघे दुमडून. बसलं की मागची लांबी वाढते, पुढची कमी होते. मागे आसन पुरलं नाही तर कपडा कमरेतून खाली ओढला जातो, आणि पुढे जास्त झालं तर चुण्या पडून टोचतात. मांडीच्या आतल्या बाजूला शिवण आली तर तासाभरात कातडी सोलवटते. सडपातळ अंगाला हे अर्ध्या इंचाने चुकलं तरी निभतं. जाड अंगाला निभत नाही. बुटाचं तर त्याहून अवघड. नव्या कोऱ्या चामड्याचा बूट घालून घालून घोट्याशी खाली बसतो, म्हणून तो मुळात थोडा उंच घ्यायचा असतो. आता ज्या बाईची पोटरी भरलेली आणि उंची आमच्यासारखी पाच फूट एक इंच, तिला रुंद बूट मिळाला तरी तो उंच बाईच्या बेताचा असतो. मग वरची कड गुडघ्याच्या मागच्या खोबणीत रुतते.

बरं, हे लाड नाहीत. रिकिबीत पाय सरकून अडकू नये म्हणून बुटाला टाच लागते. पोटरीला बूट ढिला असला की घासून फोड, घट्ट असला की मुंग्या. ज्या पायाला मुंग्या आल्यात त्या पायाने घोड्याला काय कळवणार?

मग मनात आलं, पूर्वीच्या जाड बायका काय करत होत्या? घोडे होते, बायका होत्या, त्यांतल्या कित्येक जाड असणारच. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. पाठ्यपुस्तकात घोड्यावरची बाई एकच, आणि ती बारीक.

वाचायला लागले आणि पहिलंच आश्चर्य हे, की जुन्या काळी पैसेवाल्या जाड बाईची या बाबतीत काहीच अडचण नव्हती. इंग्लंडात सतराव्या शतकात श्रीमंत बायकांनी स्वारीसाठी पुरुषी कोट घालायला सुरुवात केली. सॅम्युअल पेपिसने १६६६ साली राजवाड्यातल्या बायका अशा वेशात बघितल्या आणि त्याला ते अजिबात रुचलं नाही, असं त्याच्या रोजनिशीत आहे. खाली घागरा दिसत नसता तर पुरुषच वाटल्या असत्या, असा त्याचा सूर. (पेपिसचे स्वतःचे बायकांच्या बाबतीतले उद्योग वाचले की त्याच्या आवडीनिवडीची फार पर्वा करावीशी वाटत नाही. असो.) महत्त्वाचं असं की हा पोशाख बायकांचे झगे शिवणाऱ्या शिवणकारणी शिवत नसत. तो पुरुषांचे कोट शिवणारे शिंपी शिवत. अंगाचं माप घेऊन, जाड लोकरी कापडात, अस्तर लावून. तयार मापाचा प्रश्नच नव्हता.

आणि पोशाख साधा नव्हता. बाई घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसायची. खोगिराला वर एक शिंग, त्यावर उजवा गुडघा अडकवायचा. १८३० च्या सुमारास खाली आणखी एक शिंग आलं, ते डाव्या मांडीला वरून धरतं. तेव्हापासून बायका एकांगी बसूनही उड्या मारायला लागल्या. या बसण्यामुळे घागरा दोन्ही बाजूंनी सारखा बेतून चालत नसे. उजव्या गुडघ्यासाठी कापडात फुगवटा काढायचा, बसल्यावर काठ जमिनीला समांतर राहील असा घेर तिरका कापायचा. मोठ्या शिंप्यांच्या दुकानात एक लाकडी घोडा असायचा. बाईला त्यावर बसवायचं, मग टाचण्या लावायच्या. मला हे वाचून इतका आनंद झाला की विचारू नका! म्हणजे बसलेल्या माणसाचं माप बसवूनच घ्यायचं, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

या पोशाखाने जीवही घेतले. बाई पडली की घागरा शिंगात अडकायचा आणि उधळलेला घोडा तिला फरपटत न्यायचा. १८७५ च्या पुढेमागे शिवणी सुटतील असे 'सुरक्षित' घागरे आले, आणि शतक संपता संपता त्याचा नुसता पुढचा पडदा उरला. आत विजार, वर पडदा, आणि उतरल्यावर मागून बटणं लावून सभ्य व्हायचं.

आता जाड बाईची गोष्ट काढायची तर सगळ्यांत ठळक नाव व्हिक्टोरिया राणीचं. पाच फुटांपेक्षाही कमी उंची. १८३७ साली गादीवर आली तेव्हा अठरा वर्षांची, घोड्याची भयंकर आवड, तासन्‌तास दौड. पुढे नऊ बाळंतपणं झाली आणि अंग सुटत गेलं. १८६१ च्या डिसेंबरात नवरा गेल्यावर तिने बाहेर पडणंच टाकलं. १८६४ च्या शेवटी डॉक्टरांना आणि मुलींना वाटलं की हिने पुन्हा घोड्यावर बसावं. म्हणून स्कॉटलंडहून जॉन ब्राउन नावाच्या तिच्या जुन्या नोकराला बोलावून घेतलं, तट्टाचा लगाम धरायला. लँडसीअरने तिचं तसं चित्र काढलंय, १८६७ च्या प्रदर्शनात ते लागलं होतं. काळी राणी, काळं तट्टू, काळा पोशाख, लगाम धरलेला ब्राउन. लोकांनी कुजबूज केली ती ब्राउनवरून. मी बघत बसले तिच्या पोशाखाकडे. एकही सुरकुती ओढलेली नाही. घेर कसा नीट पडलाय. शिंप्याने काम केलंय!

तिची एक चड्डी २००८ साली डर्बीच्या लिलावात साडेचार हजार पौंडांना विकली गेली. कमरेचं माप पन्नास इंच. बातमीत सगळ्यांना हसू आलं असणार. पण ती पन्नास इंचांची चड्डी तिला नीट बसत असणार, आणि हे सुख माझ्या नातीला दुकानात मिळालं नाही. आणखी एक गंमत. बुटाच्या बाजूला रबरी ताण असलेली पट्टी लावायची युक्ती जोसेफ स्पार्क्स हॉल नावाच्या राणीच्या मोच्याची. १८३७ मध्ये त्याने तिच्यासाठी तसे बूट केले आणि पुढे पेटंट घेतलं. आज रुंद पोटरीच्या बुटांना मागून जी ताणणारी पट्टी असते ती याच बुटांच्या खानदानातली म्हणायची.

ज्या साली ही गादीवर आली त्याच साली ऑस्ट्रियाची भावी सम्राज्ञी एलिझाबेथ जन्माला आली. तिची गोष्ट उलटी. उंच, काटकुळी, कंबर जेमतेम वीस इंच, आणि ती तशीच राहावी म्हणून आयुष्यभर उपास. १८७० नंतर ती इंग्लंड-आयर्लंडला शिकारीला जायची, तेव्हा तिचा पोशाख म्हणे अंगावरच शिवायचे. रोज शिवायचा, रोज उसवायचा. लोक अजूनही हिच्या फोटोवर भाळतात. मला विचाराल तर घोड्यावर बसायला जी बाई आधी उपाशी राहते तिचा हेवा करू नये.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. रशियाची कॅथरीन १७६२ साली नवऱ्याला गादीवरून काढायला निघाली ती सैनिकाच्या वेशात, दोन्हीकडे पाय टाकून. तरुणपणी तिने म्हणे असं खोगीर करून घेतलं होतं, की सासरच्या महाराणीसमोर एकांगी बसायचं आणि ती नजरेआड झाली की पाय पलीकडे टाकायचा. (सासुरवास कुठे चुकलाय!) मारिया थेरेसा तर बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी, १७४१ च्या जूनमध्ये, हंगेरीच्या राज्याभिषेकाला घोड्यावरून टेकडी चढून गेली. त्यासाठी मुद्दाम घोडा शिकली होती. पुढे दोघीही चांगल्या जाडजूड झाल्या.

पण ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट आपल्याकडची आहे.

बायजाबाई शिंदे. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची बायको. दौलतराव १८२७ मध्ये गेले, पुढे दत्तक मुलाशी बिनसलं आणि १८३३ मध्ये बाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं. १८३५ मध्ये त्यांचा तळ फतेहगडला होता. तिथे फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई त्यांना भेटायला गेली. कंपनीतल्या एका नोकरदाराची बायको, पण भारी चौकस आणि मोकळी. तिच्या प्रवासाचं पुस्तक १८५० मध्ये आलं, दोन जाड खंड. त्यात ती बायजाबाईंचं वर्णन करते. वय झालेलं, केस पिकलेले, अंग भरलेलं, साधं लाल रेशमी वस्त्र, अंगावर दागिना नाही म्हटलं तरी चालेल. आणि या बाई तरुणपणी नामांकित घोडेस्वार. त्यांची नात बरोबर होती, तीही पट्टीची घोड्यावर बसणारी.

तर शिंद्यांच्या बायकांना कुतूहल, की या मडमा घोड्याच्या एकाच बाजूला लोंबकळून बसतात तरी कशा? फॅनीने आपला घोडा आणि एकांगी खोगीर मागवून बसून दाखवलं. आपल्या बायकांना ते अगदीच विचित्र वाटलं. मग फॅनी मराठी पोशाखात, मराठी खोगिरावर, दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि तिने आवारात दौड मारली. तिला ते इतकं आवडलं की बायकांची बसायची पद्धत बदलणाऱ्या एलिझाबेथ राणीच्या मूर्खपणाबद्दल तिने पुस्तकात शेरा मारलाय!

मी हे वाचलं आणि उठून कपाटातून आईचं जुनं नऊवारी काढलं. शेवटचं उरलेलं, इरकली. नेसून बघितलं. कासोटा घातला, खुर्चीवर उलटी बसले, दोन्हीकडे पाय टाकून. (घरात कोणी नव्हतं.) काय सांगू! कुठे ओढत नाही, कुठे टोचत नाही. मांडीच्या आत शिवण नाही, कारण मुळात शिवणच नाही. अंग वाढलं तर निऱ्या कमी घ्यायच्या, घटलं तर जास्त. माझी आई याच लुगड्यात बारीक असताना नेसली आणि पुढे आम्हा पाच भावंडांनंतरही नेसली. मापाचं कोष्टकच नाही. घोड्यावर बसायला शिंद्यांच्या घरातली आजी आणि नात एकाच तऱ्हेचं लुगडं नेसू शकत होत्या, एक भरलेली आणि एक कोवळी पोर.

मग अडलं कुठे? तयार कपड्यांत. शिंपी गेला आणि माप आधी ठरायला लागलं. अमेरिकेत सरकारी शेतकी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची पन्नासावर. अहवाल १९४१ मध्ये आला. पण मोजायला आल्या त्या स्वखुशीने, आणि हिशोबात धरल्या त्या फक्त गोऱ्या. त्यावरून १९५८ मध्ये मापांचं प्रमाण ठरलं आणि १९८३ मध्ये ते रद्दही झालं. म्हणजे कुणाच्या तरी अंगावरून काढलेल्या आकड्यांत सगळ्या जगाने मावायचं. याच्या कितीतरी आधी न्यूयॉर्कमध्ये लीना ब्रायंट नावाच्या लिथुआनियाहून आलेल्या तरुण विधवेने, पदरात पोर असताना, शिवणयंत्रावर धंदा काढला होता. आधी गरोदर बायकांचे कपडे शिवले, आणि मग जाड बायकांचे. तिच्या दुसऱ्या नवऱ्याने, तो इंजिनीअर होता, साडेचार हजार गिऱ्हाइकांची मापं तपासली आणि त्याला कळलं की जाड बायका एकाच साच्याच्या नसतात. कुणाचं वर भरलेलं, कुणाचं खाली, कुणाचं सगळीकडे. (आमच्या घरातल्या कुठल्याही बाईने त्याला हे फुकट सांगितलं असतं.) पण घोडेस्वारीचे कपडे घेणारे मुळात थोडे, त्यात जाड त्याहून थोडे, म्हणून दुकानदार त्यांची मापं ठेवत नाही. मापं नाहीत म्हणून त्या बायका येत नाहीत, आणि त्या येत नाहीत म्हणून दुकानदार म्हणतो की अशा बायका घोड्यावर बसतच नाहीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. घोड्यालाही पाठ आहे. अमेरिकेत ओहायोला २००८ मध्ये आठ घोड्यांवर प्रयोग करून बघितला, त्यांच्या वजनाच्या पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस टक्के ओझं चढवून. पंचवीसच्या पुढे स्नायू दुखायला लागले. म्हणून वीस टक्के ही मर्यादा पुष्कळ जण धरतात, आणि त्यात खोगीरही आलं. सहाशे किलोच्या घोड्याला एकशेवीस. नातीच्या शिकवणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी तिला खोगिरासकट काट्यावर उभं केलं होतं आणि त्याप्रमाणे दणकट घोडा दिला. यात नातीला काडीचाही अपमान वाटला नाही. "आजी, ते घोड्यासाठी होतं गं," म्हणाली. दुकानातली गोष्ट मात्र अजून बोलून दाखवते.

आता उपाय. तो सापडला जोधपुरात. जोधपूरच्या सर प्रतापसिंहांची विजार तुम्ही चित्रात पाहिलीच असेल, मांडीला फुग्यासारखी आणि गुडघ्याखाली चिकटलेली. १८९७ मध्ये व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून ते लंडनला गेले, तेव्हा सामान वाटेत गेलं आणि तिथल्या शिंप्याकडून विजारी शिवून घ्याव्या लागल्या, त्यातून ती तिकडे पसरली, असं सांगतात. तो फुगा शोभेचा नाही. तेव्हा ताणणारं कापड नव्हतं, मग गुडघा दुमडायला आणि आसनाला कापड येणार कुठून? वरून सोडायचं! १९५८ मध्ये शिव्हर्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने ड्यूपाँट कंपनीत ताणणारा धागा केला, ज्याला आपण लायक्रा म्हणतो, आणि पुढे तो फुगा नाहीसा झाला. बारीक बायकांचं भलं झालं. पण ताणणाऱ्या कापडालाही हद्द असते, आणि आमच्यासारख्यांची मांडी त्या हद्दीपलीकडे सुरू होते.

बुटांवरही इथलाच तोडगा आहे. इंग्रजी फौजेने हिंदुस्थानातूनच पोटरीला पट्टी गुंडाळायची रीत उचलली, त्यांच्या भाषेत 'पट्टी' हाच शब्द गेला. कुठल्याही पोटरीला बसते! आज त्याच जागी घोट्यापर्यंतचा बूट आणि वर पोटरीला वेगळं चामडी आवरण मिळतं, ते मापाने करून घेता येतं. नातीला मी म्हटलं, गुडघ्यापर्यंतच्या बुटाचा हट्ट सोड. ती म्हणाली, "हट्ट नाही गं आजी. सगळ्यांसारखं दिसायचं होतं एकदा."

यावर मला काही बोलता आलं नाही, आणि का ते सांगते.

१९६३ साली मी नववीत होते. संमेलनात झाशीच्या राणीचं नाटक होतं. राणीचं काम मला मिळालं होतं, सगळी भाषणं तोंडपाठ. आदल्या दिवशी ड्रेपरीवाला आला. त्याचा अंगरखा मला पाठीत चार बोटं कमी पडला. बाईंनी इकडून ओढून बघितला, तिकडून ओढून बघितला आणि म्हणाल्या, "तू पडद्यामागून निवेदन कर. आवाज छान आहे तुझा." माझ्या वर्गातली एक सडसडीत मुलगी राणी झाली. मी विंगेतून बोलले. टाळ्या पडल्या.

साठ वर्षांनी, या मोतीबिंदूनंतर, जॉन लँग या वकिलाने १८५४ मध्ये झाशीला जाऊन राणीची भेट घेतली त्याचा वृत्तांत वाचला. लक्ष्मीबाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या मोजक्या परक्या माणसांतला हा एक. पडदा क्षणभर सरकला तेव्हा त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलंय, त्यात आहे की राणी मध्यम उंचीची होती आणि अंगाने जराशी स्थूलच, फार नव्हे. मी चष्मा पुसून परत वाचलं. आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी 'माझा प्रवास'मध्ये तिचा पायजमा-अंगरख्यातला पुरुषी वेश आणि तिची घोड्याची पारख वर्णन केलीय, ते मी कितीतरी वर्गांना सांगितलं होतं. हे मात्र कधी वाचलं नव्हतं.

पण माझ्या रागाला फार जागा नाही. १९८६ मध्ये आमच्या शाळेच्या संमेलनात मी नाटक बसवत होते. आठवीतल्या एका मुलीचं पाठांतर सगळ्यांत चांगलं होतं. ड्रेपरी तिला झाली नाही. टाके उसवून, बगलेत कळी घालून तो अंगरखा मी एका तासात मोठा करू शकले असते. घरी यंत्र होतं, हात होता. मी तिला म्हटलं, "तू निवेदन कर. आवाज छान आहे तुझा." अगदी हेच शब्द. ती हसली होती.

ती आता पन्नाशीला आली असेल. तिचा नंबर मिळवायला अवघड नाही, शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर आहे ती. अजून फोन केलेला नाही.

तर मंडळी, गेले तीन आठवडे घरात जोधपुरी चाललीय. कॅम्पातले एक म्हातारे शिंपी, ज्यांनी पूर्वी पलटणीतल्या स्वारांच्या ब्रिचेस शिवल्यात, त्यांनी बेतून दिली. बाहेरच्या बाजूने शिवण घ्या, मांडीच्या आत अखंड कापड ठेवा, गुडघ्याला आतून दुहेरी तुकडा लावा, हे त्यांनी शिकवलं. जाडसर सुती ड्रिल घेतलंय. नातीची मापं मी व्हिडिओवर घेतली, तिला सोफ्याच्या हातावर घोड्यासारखं बसवून. आसन दोन इंच वाढवलं. आणि दोन्ही बाजूंना चांगली दीड-दीड इंच माया सोडलीय, म्हणजे पुढे अंग सुटलं तरी उसवून मोठी करता येईल. शिंपीबुवा म्हणाले, एवढी माया कशाला, जाडी येईल कडेला. मी म्हटलं, येऊ दे.

पार्सल मंगळवारी गेलं. पोटरीच्या चामडी आवरणांसाठी कोल्हापूरकडे मापावर काम करून देणारा कुणी चांगला कारागीर माहीत असेल तर कळवा. माप वर दिलंच आहे.